टेकडी फोडून ट्रॅफिक सुटत नाही साहेब: एका रिक्षावाल्याचं मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय मंत्रीसाहेब,

स.न.वि.वि.

मी पुण्यात रिक्षा चालवतो, राहायला जनवाडी-गोखलेनगरला, वेताळ टेकडीच्या पायथ्याशी. टेकडीबद्दल तुमच्याकडे आजवर आलेली पत्रं बहुतेक लेटरहेडवर, नकाशे वगैरे जोडून आलेली असणार. माझ्याकडे लेटरहेड नाही. पोराने मोबाईलमध्ये मराठी कीबोर्ड टाकून दिलाय, स्टँडवर नंबर येईपर्यंत थोडं थोडं लिहितोय, तेव्हा शुद्धलेखन बघू नका, मुद्दा बघा.

लिहायची वेळ का आली ते सांगतो. जानेवारीत महापालिकेची निवडणूक झाली. आमच्या गल्लीत एक उमेदवार आले होते, नाव घेत नाही, पक्षही सांगत नाही. बायकांनी ओवाळलं, पोरांनी फटाके लावले. मी त्यांना सरळ विचारलं की आमची टेकडी फोडून जाणाऱ्या बालभारती ते पौड फाटा रस्त्याचं काय करणार. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, काका, टेकडीच्या दगडाला पण हात लावू देणार नाही, हा माझा शब्द. आणि मागच्या आठवड्यात एका लग्नात भेटले तर तेच म्हणतात की अहो विकास कुठून तरी न्यावाच लागतो ना, आणि तुम्ही रिक्षावाले, रस्ता झाला तर फायदा तुमचाच आहे. चारचौघात म्हणाले, हसून म्हणाले. मी जेवलो नाही त्या लग्नात.

म्हणून साहेब, आता फायद्याचाच हिशोब मांडतो, कारण पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये सकाळी सातपासून रात्रीपर्यंत सडणारा माणूस मी आहे, तुमच्या सल्लागार कंपनीचा इंजिनिअर नाही.

रस्ता दोन किलोमीटरच्या थोडा वर, रुंदी तीस मीटर, खर्च अडीचशे कोटींच्या आसपास, असं पेपरात येतं. पोराला कॅल्क्युलेटर काढायला लावला. मीटरला जवळजवळ बारा लाख होतात. एका मीटरच्या पैशात तीन-चार नव्या रिक्षा उभ्या राहतात आणि तीन-चार घरं चालतात. आणि मिळणार काय, तर लॉ कॉलेज रोडवर आज जी गर्दी आहे ती उचलून पौड फाट्यावर नेऊन ठेवायची. पौड फाट्यावर आत्ताच संध्याकाळी सहानंतर काय असतं ते बघायला एकदा या, गाड्यांचा ताफा न आणता, माझ्या रिक्षात बसून या, मीटर टाकणार नाही.

नळ स्टॉपचा दुमजली पूल आठवतो का? २०२२ मध्ये उद्घाटन झालं, हार-तुरे झाले, आणि नंतर पुलाच्या दोन्ही तोंडांना जी कोंडी व्हायला लागली ती आम्ही भोगली. विद्यापीठ चौकातला पूल तर कॉमनवेल्थ युथ गेम्सच्या वेळी मोठ्या थाटात बांधला आणि २०२० साली पाडून टाकला, कारण काय तर त्याच्याने ट्रॅफिक सुटत नाही आणि मेट्रोच्या आड येतो. मग नवा होईपर्यंत पाच वर्षं आम्ही गणेशखिंड रोडला धूळ खाल्ली. तेव्हा बांधला तोही विकास, पाडला तोही विकास, परत बांधला तोही विकास. पूल पाडता आला, पण फोडलेली टेकडी परत कशी बांधणार आहात ते कुणीतरी मला सांगा.

माणसांपेक्षा गाड्या जास्त झाल्या ही पुण्याची बातमी २०१८ सालची आहे, तेव्हापासून किती वाढल्या असतील धरा तुम्हीच. रस्ता रुंद केला की गाड्या येऊन बसतात तिथं, वीस वर्षं हँडल धरून हेच बघतोय. लॉ कॉलेज रोडला दोन्ही बाजूंना हॉटेलांसमोर गाड्या लावतात, रांगेने, निवांत, त्या हटवायला अडीचशे कोटी लागत नाहीत, एक टोइंगची गाडी आणि फोन न उचलणारा एक इमानदार अधिकारी लागतो. वनाजपासून मेट्रो सुरू झाली, पण आमच्या गोखलेनगरातून मेट्रोच्या स्टेशनला जायला धड बस नाही, जी आहे ती कधी येईल ते ड्रायव्हरला पण माहीत नसतं. मी रिक्षावाला असून सांगतोय की छोट्या बस वाढवा. माझं गिऱ्हाईक कमी होईल, होऊ दे.

आता टेकडीबद्दल. लोकांना वाटतं टेकडी म्हणजे कोथरूड-मॉडेल कॉलनीच्या शूजवाल्या लोकांचं फिरायचं ठिकाण. येतात ते पण, आणि त्यांनी ही लढाई बरीच लढली, एप्रिल २०२३ ला हजारो माणसं वेताळबाबा चौकातून मोर्चाने निघाली तेव्हा मी भाडं सोडून त्यात चाललो होतो. पण टेकडीला वेढा घालून बसलेत कोण ते बघा ना. जनवाडी, पांडवनगर, वडारवाडी, केळेवाडी, सुतारदरा, किष्किंधानगर. आमची घरं किती मोठी? माझ्या घरात पाच माणसं, एक खोली आणि वर काढलेला पोटमाळा, त्यावर पत्रा. एप्रिल-मे मध्ये दुपारी पत्र्याखाली बसवत नाही, भिंत हाताला चटका देते. आईला दम्याचा त्रास आहे. तिला संध्याकाळी धरून धरून वर पहिल्या सपाटीपर्यंत नेतो, तिथं वारा असतो, अर्ध्या तासात तिचा श्वास खाली बसतो, पंप कमी लागतो. डॉक्टर म्हणाले हवापालट करा. आमचं महाबळेश्वर तेच आहे साहेब, दुसरं परवडत नाही.

पोरगा पोलीस भरतीची तयारी करतोय. सोळाशे मीटर पळायचं असतं त्यांना. ॲकॅडमीवाल्यांची फी ऐकून मी गप्प बसलो, तर तो म्हणाला पप्पा मी टेकडीवर पळतो. पहाटे पाचला जातो, त्याच्यासारखी कित्येक पोरं असतात, मोबाईलची बॅटरी लावून पळतात, एक जण स्टॉपवॉच धरून उभा राहतो. उद्या तिथून तीस मीटरचा रस्ता गेला की ही पोरं कुठं पळणार, डिव्हायडरवर?

आणि माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. प्रेसमध्ये कामाला होते. रिटायर व्हायच्या आधीपासून रोज सकाळी गोडेतेलाच्या पाच लिटरच्या कॅनमध्ये पाणी भरून वर न्यायचे. कॅनच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली असायची, हात कापू नये म्हणून. वरच्या खाणीकडे जाताना डाव्या अंगाला त्यांनी एक वड लावला, खाली मातीच कमी, सगळा कातळ, तरी दगड रचून आळं केलं आणि उन्हाळेच्या उन्हाळे पाणी घातलं. असे पाणी घालणारे म्हातारे तेव्हा पुष्कळ होते, आजही आहेत. तो वड आता पस्तिशीचा आहे. तुमच्या झाडांच्या कायद्यात २०२१ साली सुधारणा झाली, पन्नास वर्षांचं झाड हेरिटेज. म्हणजे अण्णांचा वड बसत नाही त्यात. तोडलं तर झाडाच्या वयाइतकी रोपं लावायची, म्हणजे वडाच्या बदल्यात पस्तीस रोपं. चांगलं आहे, पण त्या पस्तीस रोपांना पाणी घालायला पस्तीस अण्णा कुठून आणणार? या रस्त्यात चौदाशेच्या आसपास झाडं बाधित होतात म्हणतात, त्यांच्या वयाचा हिशोब केला तर किती हजार रोपं होतील, आणि ती लावणार कुठं? आजवर शहरात बदल्यात म्हणून लावलेल्या झाडांपैकी जगली किती, त्याची यादी फोटोसकट वेबसाइटवर टाका, मग पुढचं बोलू.

एका अधिकाऱ्यांनी मला समजावलं, की टेकडीवरची बरीच झाडं गिरिपुष्पाची आहेत, परदेशी आहेत, तोडली तर काही बिघडत नाही. अहो पण ती लावली कुणी? सरकारी खात्यानेच लावली ना? आणि त्यांच्या सावलीत आता कडुनिंब, पळस, बाभूळ आपापले वर आलेत, पावसाच्या तोंडावर नवरंग पक्षी येतो, त्याची शिट्टी ऐकायला लोक लांबून येतात, खाणीच्या काठावर मोर असतात. त्यांनी कुठं अर्ज द्यायचा की आम्ही देशी आहोत?

पाण्याचं पण ऐका. टेकडी म्हणजे नुसता दगड नाही, बेसॉल्टच्या थरांमधल्या फटींतून पाणी मुरतं आणि खालच्या बोअरला येतं. ते मुरायची जागा सिमेंटने झाकली की पाणी कुठं जाणार, उतारावर, आमच्या वस्तीत. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आम्ही विसरलो नाही. आंबिल ओढ्याला पूर आला, वीसच्या वर माणसं गेली. माझ्या ओळखीच्या एकाची रिक्षा भिंतीखाली सापडली, त्याने कर्ज फेडायला सुरुवात पण केली नव्हती. २०२४ च्या जुलैत सिंहगड रोडची एकतानगरी बुडाली. प्रत्येक वेळी पाहणी दौरा, प्रत्येक वेळी अहवाल. ओढे बुजवायला परवानगी देणारे कधी दिसतात का कोर्टात?

पुराचं आम्हाला कुणी शिकवू नये. आमची वस्तीच पुरातून झालीय. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, काम पुरं व्हायच्या आधी पाणी अडवलं होतं, घाई झाली होती तेव्हाच्या सरकारला पण. नदीकाठच्या पेठेतलं आमच्या आजोबांचं घर गेलं. आजी सांगायची, अंगावरच्या लुगड्यानिशी निघालो. मग पूरग्रस्तांना गावाबाहेर टेकडीच्या पायथ्याला आणून टाकलं, अर्धगोल पत्र्याच्या हटमध्ये, तेव्हा इथं संध्याकाळनंतर माणूस यायचा नाही. त्या घरांच्या मालकी हक्कासाठी आमच्या लोकांनी किती दशकं हेलपाटे घातले ते तुमच्या खात्याच्या फायलींत बघा. आजोबा गेले, अण्णा गेले, तरी कागद पुढच्या टेबलावर. म्हणजे पूरग्रस्ताचं घर नावावर करायला सरकारला दोन पिढ्या लागतात, आणि टेकडीतून रस्ता काढायचा तर टेंडरची घाई. तेव्हा शहराला आम्ही नको होतो म्हणून टेकडीखाली टाकलं, आता टेकडीखालची जागा महाग झाली म्हणून टेकडीच नको झाली. असंच आहे ना? आणि नुसता एक रस्ता नाही, पाषाण रोडच्या पंचवटीतून गोखलेनगर आणि सुतारदऱ्याकडे बोगदे काढायचं पण बोलणं आहेच. म्हणजे वरनं, आतनं, चारी बाजूंनी.

आणि विचारायचं कुणाला? मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते, सगळं प्रशासकाच्या सहीने चाललं. हरकती मागवता, झाडाला नोटीस लावता, सात दिवस देता. आमच्यातल्या किती जणांना ती नोटीस वाचता येते, कुणाला कळतं अर्ज कसा करायचा? सुनावणी कामाच्या दिवशी सकाळी अकराला. मी धंदा बुडवून गेलो एका कार्यालयात, सीएनजीच्या रांगेत आधीच तास गेलेला, तिथं मला बाकड्यावर बसवलं, साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणाले, जेवायची सुट्टी झाली, साहेब साइटवर गेले म्हणाले. शेवटी शिपायाने अर्ज घेतला आणि पोच द्यायला नकार दिला. पोच मागितली तर म्हणे तुमचा काय संबंध, तुमची जमीन जाते का रस्त्यात? जमीन नाही जात. आमच्या नावावर जमीन आहेच कुठं जायला.

२०१५ ला तुमच्याच सरकारी कागदावर त्याआधी शहरात घेतलेल्या तेवीस गावांच्या टेकड्यांसाठी बीडीपी, म्हणजे जैवविविधता उद्यानाचं आरक्षण, मंजूर झालं, ९७८ हेक्टर. आज तिकडच्या टेकड्यांवर रात्री वर बघा, लाइटी मोजता येत नाहीत. गरिबाने झोपडीला वीट लावली की दुसऱ्या दिवशी अतिक्रमणची गाडी येते, आणि टेकडी कापून प्लॉट पाडणाऱ्याला कुणाचा फोन जातो ते सगळ्या पुण्याला माहीत आहे. म्हणून विश्वास उडालाय साहेब. आज रस्ता, उद्या रस्त्याच्या कडेला सर्व्हिस रोड, परवा तिथं एफएसआय, म्हणजे बांधकामाला परवानगी. रस्ता नुसता गाड्यांसाठी असता तर एवढा हट्ट कुणी धरला नसता.

मागणी फार नाही. बालभारती-पौड फाटा रस्ता विकास आराखड्यातूनच काढून टाका, स्थगिती नको, स्थगिती उठते. बोगद्यांचा जो काही अभ्यास झालाय तो मराठीत लोकांसमोर ठेवा, आणि सुनावणी आमच्या वस्तीत घ्या, रविवारी संध्याकाळी, शाळेच्या मैदानात, बायका पण येऊ शकतील अशी. उन्हाळ्यात टेकडीवर गवताला आगी लागतात, त्या पसरू नयेत म्हणून जाळपट्टे काढायला आणि वर पाण्याची एक टाकी द्यायला पैसे द्या. आणि आमच्या भागातून मेट्रोपर्यंत दर पंधरा मिनिटांना छोटी बस.

हे लेखी कळवा. पत्र खुलं आहे म्हणून उत्तर पण खुलं द्या, पीएकडून फोन करून "साहेबांनी लक्ष घातलंय" असं सांगायला लावू नका, ते मी खूप ऐकलंय. मशीन आलं तर आम्ही वर जाऊन बसणार आहोत, मी एकटा नाही, स्टँडवरची बरीच पोरं तयार आहेत, आणि आई पण म्हणतेय की मला धरून न्या.

आपला,
जनवाडीचा एक रिक्षाचालक
पुणे ४११०१६