परळ-दादरमधल्या अनोळखी माणसांचे आभार

आतड्याच्या कर्करोगावरच्या उपचारांसाठी आम्ही दोघं कोल्हापूरहून परळच्या टाटा रुग्णालयात येत होतो. मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. ज्यांनी सांभाळून घेतलं त्यांची नावं विचारायची राहून गेली, म्हणून हे जाहीर आभार.

केमोनंतर तोंडाला लोखंडासारखी चव यायची, अगदी चहासुद्धा नकोसा झाला होता. शेजारच्या खोलीतल्या मावशींनी स्टीलचा चमचा बाजूला ठेवायला लावला, लाकडी चमचा हातात दिला आणि आमसुलाचं गरम सार प्यायला लावलं. आंबट लागलं, खरंच आंबट लागलं! ऑक्झॅलिप्लॅटिन या केमोच्या औषधामुळे गार पाण्याचा स्पर्श झाला तरी बोटांना मुंग्या येत, घसा आवळल्यासारखा होई. हे कळल्यावर रोज सकाळी कोमट पाण्याची बाटली दाराशी असायची. स्वतःच्या लेकाच्या उपचारांची धावपळ चालू असताना त्यांनी हे केलं.

सुई डाव्या हाताला लावून उजवा मोकळा ठेवणाऱ्या सिस्टर, तुमच्यामुळे सलाईन चालू असतानाही माझं रोजचं शब्दकोडं चुकलं नाही. अडलेले उभे-आडवे शब्द सुचवणारे समोरच्या खुर्चीतले काका, तुमचेही आभार. आणि एका संध्याकाळी आपणहून टॅक्सी शिवाजी पार्कच्या कट्ट्याशी थांबवून पोरांचं क्रिकेट बघू देणारे, वर थांबल्याचे पैसे न घेणारे दादा, तुमचे फार फार आभार.

मावशी, पुढच्या तपासणीला आम्ही धर्मशाळेतच उतरतोय. तुम्ही असाल तर या वेळी सार मी करणार.