पडल्याची वेळ केसपेपरवर लिहा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार,

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या पेठ तालुक्यात माझा थोरला भाऊ आंबे उतरवताना झाडावरून पडला. साडेचार वाजले होते. पाड्यावर रेंज नाही, त्यामुळे १०८ ला फोनच झाला नाही. मी आणि चुलतभावाने त्याला बगलेत आणि गुडघ्यांखाली धरून उचललं, जीपच्या मागच्या सीटवर कसंबसं बसवलं. सावळघाटात वळण आलं की त्याची मान माझ्या खांद्यावरून घरंगळायची. "पाय खाली लोंबतायत का रे माझे?" त्याने दोनदा विचारलं. पाय सीटवरच होते.

नाशकात दोन दवाखाने फिरून तिसऱ्या ठिकाणी एमआरआय झाला. पहाटे तीनला हातात चिठ्ठी पडली: स्टेरॉइडचं इंजेक्शन आणा, नस वाचवायला लागेल. द्वारका चौकापर्यंत पळत गेलो, उघडं मेडिकल शोधलं, उधारीच्या पैशांनी आणलं.

नंतर कळलं ते असं. मणका मोडतो तेव्हा मज्जारज्जूला पहिला मार बसतो, त्यावर औषध नाही. पण पुढच्या काही तासांत सूज चढते, रक्त पोचत नाही, मरणाऱ्या पेशींतून ग्लुटामेट नावाचं रसायन सांडतं आणि शेजारच्या धडधाकट पेशीही जातात. औषधाची सगळी धडपड या दुसऱ्या नुकसानीसाठी. मेथिलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचं नाव झालं ते १९९० च्या अमेरिकी चाचणीमुळे, तेही मार लागल्यापासून आठ तासांच्या आत दिलं तर. डोस तरी केवढा! साठ किलोच्या माणसाला एका दिवसात नऊ ग्रॅमच्या वर. जंतुसंसर्ग, पोटात रक्तस्राव, साखर वाढणं हे सोबत आलंच. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या न्यूरोसर्जनांच्या संघटनांनी ते देऊ नका म्हटलं; २०१७ मध्ये दुसऱ्या तज्ज्ञगटाने आठ तासांच्या आत असेल तर विचार करा म्हटलं. आठ तासांनंतर द्या, असं दोघांपैकी कोणीच म्हटलेलं नाही. रिल्युझोल या दुसऱ्या औषधाकडूनही आशा होती. २०२३ मध्ये निकाल आला, मुख्य कसोटीवर ते उतरलं नाही.

माझ्या भावाला ते स्टेरॉइड साडेदहा तास उलटून गेल्यावर दिलं. पाचव्या दिवशी छातीत कफ भरला. इंजेक्शनमुळेच भरला असं मी म्हणणार नाही, मानेला मार लागलेल्याला तो तसाही भरतो. डॉक्टरांनाही एकट्यांना दोष कसा देऊ? केसपेपरवर आमच्या दाखल होण्याची वेळ होती, पडण्याची नव्हती. मला कोणी विचारलं नाही आणि सांगायला हवं हे मला ठाऊक नव्हतं.

साहेब, महागडं औषध फुकट द्या असं मागत नाही. प्रत्येक सरकारी आणि खासगी केसपेपरवर 'मार लागल्याची वेळ' असा एक रकाना छापा आणि तो भरल्याशिवाय मणक्याच्या रुग्णाला स्टेरॉइड लिहू नये असा आदेश काढा. याला छपाईपलीकडे खर्च नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या आरोग्य केंद्रांत मानेचा पट्टा आणि पाठीखाली घालायची फळी हाताशी ठेवा, कुलपात नको. आशाताई आणि जीपवाल्यांना एक दुपार बसवून शिकवा: मान धरायची, चौघांनी मिळून ओंडक्यासारखं एकसंध वळवायचं, बसवायचं नाही. घरातलं दारसुद्धा फळी म्हणून चालतं, हे आम्हाला कोणी सांगितलं असतं तर दार काढायला दोन मिनिटं लागली असती. आणि सर्जन, एमआरआय कुठे आहे हे आधी विचारून १०८ ने थेट तिथेच न्यावं. मज्जारज्जूवरचा दाब काढायचं ऑपरेशन चोवीस तासांच्या आत झालं तर फायदा होतो, याला स्टेरॉइडपेक्षा भक्कम आधार आहे. आमचे सहा तास नुसते दवाखाने बदलण्यात गेले.

२०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिकमध्ये कामं निघाली आहेत. लाखो माणसं घाटांच्या पायऱ्यांवर, घाटरस्त्यांवर असतील. तेवढ्यात हा रकाना तरी छापून होईल ना?

भाऊ आता उजव्या हाताने चमचा धरतो. हे पत्र त्याला वाचून दाखवलं. म्हणाला, साडेचार नाही, सव्वाचार वाजले होते.

आपला,
पेठ तालुक्यातील एक शेतकरी