कोण खरंच घेणार आहे, ते कसं कळतं

प्रिय बाय,

काल फोनवर तुझा आवाज अगदी पडलेला वाटला. एवढे लाईक आले, एवढ्या जणांनी 'प्राईस प्लीज' टाकलं आणि ऑर्डर मात्र बोटावर मोजण्याइतक्या, म्हणजे आपण ऑनलाईन विकतो तो माल, कोकमाचं आगळ (मीठ घातलेला रस) आणि काजू, लोकांना नकोच आहे असं तू धरून बसलीस. मला ते पटलं नाही म्हणून हे लिहितेय, जरा लांबेल, निवांत वाच.

अगं लाईकला काय लागतं, बोट लागलं की झालं. फेसबुक मार्केटप्लेसवर तर 'हे अजून उपलब्ध आहे का' हा मेसेज तयारच असतो, नुसता दाबायचा, टाईपसुद्धा करावा लागत नाही. उत्तर सगळ्यांना दे, गोड बोलून दे, पण तेवढ्यावर माल बांधायला घेऊ नको. आपल्या वेंगुर्ल्याच्या मच्छीबाजारात बघतेस ना, जिला मासा खरंच न्यायचाय ती बाई कल्ला उचलून बघते, दाबून बघते, कापून देणार का विचारते, हुज्जत घालते, आणि जिला न्यायचा नाही ती लांबूनच भाव विचारून पुढे जाते. ऑनलाईन हात लावता येत नाही म्हणून गिऱ्हाईक तेच सगळं प्रश्नांतून करतं, आणि तू त्या प्रश्नांनाच कंटाळतेस!

आगळात मीठ किती आहे, नुसत्या सोलकढीलाच चालेल का सरबतालाही, असं कोणी विचारलं तर समज त्या माणसाच्या डोळ्यासमोर स्वतःचं स्वयंपाकघर आहे. काजू २४० नंबरचा आहे की ३२० चा असं विचारणारा तर जाणकारच, कारण एका पौंडात, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅममध्ये, किती गर बसतात त्याचा तो नंबर, आकडा जितका लहान तितका गर मोठा हे त्याला माहीत असतं. अशाला सरळ दोन्ही गर तळहातावर ठेवून फोटो पाठव. पण नंबर माहीत नसलेला खोटा असं मुळीच नाही हं, 'खिरीत घालायचाय, पाकळी चालेल का', म्हणजे दोन भाग झालेला गर, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. मला सगळ्यात आवडतो तो तारखेचा प्रश्न, गणपतीच्या आधी पोचेल का, कारण तारीख सांगणाऱ्याची गरज ठरलेली असते. आणि घासाघीस करतो म्हणून कोणाला तोडू नको, ज्याला घ्यायचंच नाही तो कशाला वाद घालेल.

तुला खात्री करायची असेल तर पिनकोड माग, कुरिअरचा खर्च सांगते म्हणावं. नुसतं बघणारे तिथेच गप्प होतात. कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर पाठवायच्या आधी एक फोन करच, नाहीतर पार्सल परत येतं आणि जाण्यायेण्याचं भाडं आपल्या अंगावर पडतं.

आता जे मला खरंच भीतीचं वाटतं ते. एखादा एकदम मोठी ऑर्डर देतो, भाव करत नाही, माल कसा आहे ते विचारत नाही, फक्त पैसे पाठवायची घाई, कधी लष्करात आहे म्हणून ओळखपत्राचा फोटोही पाठवतो, आणि मग म्हणतो हा क्यूआर स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील. बाय, पैसे यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे आपल्याकडून गेले. पेमेंटच्या स्क्रीनशॉटवरही विसंबू नको, बँकेच्या ॲपमध्ये जमा दिसले तरच माल बाहेर. आणि कधी फसगत झालीच तर लाजत बसू नको, लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन लाव, जितक्या लवकर सांगशील तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त.

माझं ऐकशील तर एक वही कर, लाईक किती आले ते त्यात नको, कोणी काय विचारलं तेवढंच लिही. महिनाभरापूर्वी प्रश्न विचारून गप्प झालेली माणसंही त्यात सापडतील, आता सणावाराच्या तोंडावर त्यांना एकच मेसेज टाक, मागे लागू नको.

त्या नागपूरच्या ताईंनी परवा विचारलं होतं ना, आगळाची काचेची बाटली वाटेत फुटली तर काय, आणि तू म्हणालीस किती शंका काढतात! त्या घेणार आहेत बघ. आज त्यांना फोन कर, प्लास्टिकच्या कॅनमध्ये देतो म्हणून सांग, मी संध्याकाळी कॅन पॅक करून व्हिडिओ पाठवते तो त्यांना पुढे पाठव. पत्ता घेताना जवळची खूण विचारायला विसरू नको.

तुझी
आई