तुझा राखणदार विकायचा कुठे?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं अॅडव्हेंचर, म्हणजे टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळाची तुझी गोष्ट, परवा रात्री एका बैठकीत वाचून काढलं. वहाणांची कल्पना फार आवडली. आरवलीच्या वेतोबाला वाहिलेल्या वहाणा झिजतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण त्या झिजण्यावरूनच खेळाडूंनी राखणदाराची वाट शोधायची आणि वहाणा पुरत्या फाटायच्या आत नवा जोड देवळात पोचवायचा, हे सुचायला खेळ आणि कोकण दोन्ही अंगात मुरलेलं लागतं. हे विकलं गेलं पाहिजे, टेबलावर खेळलं गेलं पाहिजे आणि पुढेही तुझंच राहिलं पाहिजे. यातल्या शेवटच्या गोष्टीबद्दल तू पत्रात एक ओळही लिहिली नाहीस, नुसते कोण किती टक्के देतं याचे आकडे मांडलेस. म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो.

तुझा कल डीएम्स गिल्ड या ऑनलाइन दुकानाकडे दिसतो. कारण समजतं. ज्या खेळाचे नियम तू वापरलेस तो डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळणारं गिऱ्हाईक तिथे आपणहून येतं. जानेवारी २०१६ मध्ये हा खेळ काढणारी कंपनी विझर्ड्स ऑफ द कोस्ट आणि ड्राइव्हथ्रूआरपीजी चालवणारी वनबुकशेल्फ यांनी मिळून ते सुरू केलं. विझर्ड्सच्या मालकीच्या काल्पनिक जगात, म्हणजे फरगॉटन रेल्म्ससारख्या ठिकाणी, घडणारं लेखन सामान्य लेखकाला तिथे विकता येतं. त्याच्या बदल्यात विक्रीतला निम्मा वाटा लेखकाला आणि निम्मा त्या दोघांना. या वाटणीबद्दल माझी तक्रार नाही. मला खटकते ती दुसरी अट. तिथे टाकलेलं लेखन दुसरीकडे कुठेही विकता येत नाही, आणि तू त्यात उभी केलेली पात्रं, ठिकाणं, प्राणी गिल्डवरच्या इतर लेखकांना त्यांच्या लेखनात वापरता येतात. उद्या तू ते विक्रीतून काढून घेतलंस तरी दिलेला हक्क परत येत नाही.

रेल्म्समधल्या वॉटरडीप शहरात घडणारी गोष्ट लिहिली असतीस तर मीच म्हटलं असतं की बिनधास्त गिल्डवर जा. त्या शहराचं नाव घेऊन विकायची मुभा तुझ्यामाझ्यासारख्याला तिथेच मिळते. पण तुझं गाव तिळारीच्या खोऱ्यातलं आहे, त्यात रेल्म्सची एक वीटही नाही. शिवाय शेवटच्या पानावर तू पुढच्या दोन भागांची बीजं पेरून ठेवली आहेस. ते भाग कुठे, कसे, कुणाबरोबर काढायचे हे ठरवायची मोकळीक पहिल्याच भागात देऊन टाकू नकोस.

नियम तर त्यांचेच वापरलेत, मग कसं, असं तू विचारशील. त्याची सोय झालेली आहे. जानेवारी २०२३ मध्ये जुना ओपन गेम लायसन्स, म्हणजे त्यांचे नियम इतरांना वापरू देणारा परवाना, बदलायचा मसुदा बाहेर फुटला. छोटे प्रकाशक आणि खेळाडू इतके खवळले की महिना संपायच्या आत, २७ जानेवारीला, विझर्ड्सनी पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम, म्हणजे एसआरडी ५.१, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी-बाय ४.० परवान्याखाली खुले केले. हा परवाना मागे घेता येत नाही. २०२५ मध्ये एसआरडी ५.२ सुद्धा त्याच परवान्याखाली आलं. त्यामुळे तुझं अॅडव्हेंचर तू कुठेही विकू शकतोस, फक्त त्या दस्तऐवजात दिलेली श्रेय-ओळ पुस्तकात जशीच्या तशी छापायची. कव्हरवर डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा लोगो लावायचा नाही. ‘फाइव्ह ई कम्पॅटिबल’, म्हणजे पाचव्या आवृत्तीशी जुळणारं, एवढं लिहायला हरकत नाही, तशी परवानगी त्या दस्तऐवजातच आहे. आणि गुहेतला तो बिहोल्डर, त्यांचा तो अनेक डोळ्यांचा राक्षस, काढ. त्याचे आकडे आणि वर्णन एसआरडीत नाहीत. तसाही तो तुझ्या गुहेत परका वाटतो, तिथे तुझाच एखादा देवचार बसव.

आता टक्क्यांकडे वळू. ड्राइव्हथ्रूआरपीजी हे अशा खेळांच्या पीडीएफचं दुकान लेखकाला ६५ टक्के देतं आणि डिजिटल विक्री त्यांच्यापुरती बांधून घेतलीस तर ७०. इच डॉट आयओ या दुसऱ्या दुकानावर साइटचा वाटा लेखकच ठरवतो. आधी तो १० टक्क्यांवर लावलेला असतो, शून्यही करता येतो. पण पैसे वळते करण्याचा खर्च, साधारण २.९ टक्के अधिक ३० सेंट, वेगळा जातो. तुझ्या ५ डॉलरच्या पीडीएफवर हिशेब कर. इचवरून हातात ४ डॉलर ५ सेंटच्या आसपास, ड्राइव्हथ्रूवरून ३.२५, बांधून घेतलंस तर ३.५०, आणि गिल्डवरून २.५०. इथे इच उघडच पुढे आहे. पण पुढेमागे सुटे नकाशे १ डॉलरला विकायला काढलेस, तर हेच गणित उलटतं. ते ३० सेंट एका डॉलरलाही तेवढेच लागतात, म्हणून इचवर ५७ सेंट उरतात आणि ड्राइव्हथ्रूवर ६५. लहानसहान वस्तू इचवर सुट्या ठेवू नकोस, सात-आठ नकाशांचा एकच संच कर.

आणि त्या वाढीव ५ टक्क्यांसाठी ड्राइव्हथ्रूला बांधून घेऊ नकोस. ५ डॉलरवर ते २५ सेंट होतात. शंभर प्रती खपल्या तर २५ डॉलर जास्त. इचवर सात प्रती गेल्या की तेवढे भरून निघतात.

मुळात ही दोन दुकानं वेगळ्या वाचकांची आहेत आणि माझ्या मते निवड यावरच व्हायला हवी. ड्राइव्हथ्रू २००४ पासून आहे. आरपीजीनाऊ हे त्याहून जुनं दुकान २००६ मध्ये त्याच्याशी एकत्र आलं, २०१९ मध्ये बंद होऊन त्यातच विरलं, आणि २०२२ मध्ये रोल२० या ऑनलाइन खेळायच्या साइटबरोबर जोडणी झाली. तिथला गिऱ्हाईक वर्षानुवर्षं पीडीएफ जमवणारा आहे. तो खेळाच्या नियमपद्धतीच्या नावाने शोधतो, नमुन्याची पानं उघडून बघतो, आणि आवडलं तर त्याच लेखकाचं पुढचंही घेतो. विकलेल्या प्रतींवरून पुस्तकाला धातूचा बिल्ला मिळतो. पन्नासच्या वर गेलं की तांबं, शंभरच्या वर चांदी, मग पुढे चढत सोनं, प्लॅटिनम. नव्या लेखकाला तो पहिला तांब्याचा बिल्ला फार उपयोगी पडतो, कारण हे पुस्तक इतरांनीही घेतलंय एवढं अनोळखी माणसाला त्यावरून कळतं. नमुन्यात मुखपृष्ठ आणि श्रेयनामावली टाकून पानं वाया घालवू नकोस. वहाणांच्या नियमाची दोन पानं पूर्ण दाखव. जो ती वाचेल तो घेईल.

इचचा स्वभाव निराळा. २०१३ मध्ये ते स्वतंत्र व्हिडिओ गेमवाल्यांसाठी निघालं, टेबलटॉपवाले तिथे मागाहून वसले. एका पानाचे खेळ, एकट्याने खेळायचे खेळ, दोन-तीन रंगांत छापलेली झाइन, म्हणजे हौशी छोट्या पुस्तिका, असं सगळं तिथे असतं. जॅम नावाचे उपक्रम भरतात, ठरलेल्या मुदतीत प्रत्येकाने काहीतरी करून टाकायचं आणि मग एकमेकांचं वाचायचं. जून २०२० मध्ये वांशिक न्यायासाठी तिथे एक मोठा बंडल निघाला होता. त्यात व्हिडिओ गेमच्या बरोबरीने टेबलटॉपचे खेळही होते, आणि ८० लाख डॉलरच्या वर निधी जमला. मला सगळ्यात आवडते ती तिथली कम्युनिटी कॉपीची रीत. कुणी पूर्ण किंमत देऊन घेतलं की लेखक एक प्रत ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी मोकळी ठेवतो. पाच डॉलर म्हणजे चारशेच्या वर रुपये. रत्नागिरीतल्या कॉलेजच्या पोराला ते जड जातात. डॅलसमधल्या खरेदीदारामुळे त्याला तुझं पुस्तक मिळावं, ही व्यवस्था तू जरूर ठेव.

तर माझं म्हणणं असं, की दोन्हीकडे ठेव आणि कुणालाच बांधून घेऊ नकोस. एकाच दुकानावर विसंबणं धोक्याचंही आहे. जुलै २०२५ मध्ये पेमेंट कंपन्यांच्या दबावाखाली इचने प्रौढांसाठीचा सगळा मजकूर एका झटक्यात शोधातून काढला. त्यात ज्यांचं लेखन आक्षेपार्ह नव्हतं असेही लेखक सापडले. तुझ्या पुस्तकात तसलं काही नाही, पण दुकानदारालाही वरून कुणीतरी हुकूम देतं, हे त्यावरून कळलं. तुझ्या वाचकांचे ईमेल पत्ते, त्यांच्या संमतीने, तुझ्याकडे वेगळे असू देत.

छापील प्रत हवीच, असं तू दोनदा लिहिलंयस. त्यासाठी या दोघांत ड्राइव्हथ्रूच कामाचं. मागणी आली की अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये लायटनिंग सोर्स या छापखान्यात प्रत छापून थेट वाचकाला जाते. तुला साठा ठेवावा लागत नाही, छपाईचा खर्च वजा करून उरलेल्यावर तुझे टक्के. विक्री सुरू करायच्या आधी स्वतः प्रूफ, म्हणजे नमुन्याची छापील प्रत, मागवून मान्य करावं लागतं, त्याचा टपालखर्च धरून ठेव. तुझ्या रात्रीच्या पानांबद्दल मात्र काळजी वाटते. शाईची एकूण मात्रा तिथे २४० टक्क्यांच्या वर चालत नाही आणि तुझा काळा रंग त्याच्या पुष्कळ वर गेलाय. सायन ६०, मजेंटा ४०, यलो ४०, ब्लॅक १०० एवढं लाव, बेरीज बरोबर २४० होते आणि काळोख तसाच गडद राहतो. भारतातल्या मित्रांसाठी मात्र तिथून मागवू नकोस, पुस्तकापेक्षा टपाल महाग पडेल. इथल्याच डिजिटल प्रेसवाल्याकडून सेंटर पिन मारून थोड्या प्रती काढून घे.

पैसे घरी यायचा रस्ताही नीट लावून घ्यायला हवा. पेपालने एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पैसे देणं-घेणं बंद केलं. परदेशातून येणारे पैसे चालतात, त्यासाठी पॅन आणि पर्पज कोड, म्हणजे पैसे कशाचे ते सांगणारा क्रमांक, लागतो. आता इचवर दोन पद्धती आहेत. पैसे थेट तुझ्या पेपालवर घ्यायचे, किंवा इचने जमा करून नंतर तुला पाठवायचे. तू दुसरी घे. पहिलीत भारतातल्या वाचकाला पेपालने तुझं पुस्तक विकतच घेता येणार नाही. शिवाय युरोपातल्या व्हॅटची, म्हणजे तिथल्या विक्रीकराची, कटकट दुसऱ्या पद्धतीत इच सांभाळतं. अमेरिकेचा कराचा फॉर्म, डब्ल्यू-८ बीईएन, भरताना भारत-अमेरिका कराराचा रकाना कोरा सोडू नकोस. अमेरिकेतल्या रॉयल्टीवर एरवी ३० टक्के कापतात, करारानुसार १५. कापलेल्या कराचं क्रेडिट इथल्या रिटर्नमध्ये कसं घ्यायचं ते तुझ्या सीएला विचार.

मराठी आवृत्तीचं तू भीतभीत लिहिलंस. भिऊ नकोस. खप थोडा असेल, पण ज्या गावाची गोष्ट आहे त्या गावच्या पोरांनी ती आपल्या भाषेत खेळावी, याहून चांगलं कारण मला सुचत नाही. ती इचवर त्याच पानावर दुसरी फाइल म्हणून ठेव, म्हणजे इंग्रजी घेणाऱ्यालाही मिळेल. मांडणी मात्र युनिकोडमध्येच कर. जुन्या फॉन्टमधली पीडीएफ शोधता येत नाही, आणि खेळताना जीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, मधेच एक शब्द शोधावा लागतो. मजकुराला टिरो देवनागरी मराठी आणि तक्त्यांना मुक्ता लावून बघ. दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत, पुस्तकात बसवायला अडचण नाही. इनडिझाइन वापरणार असशील तर वर्ल्ड-रेडी कम्पोझर सुरू कर, नाहीतर जोडाक्षरं तुटतात. फुकटात हवं असेल तर स्क्रायबसची नवी आवृत्ती देवनागरी नीट जोडते.

ताईने काढलेली शाईची चित्रं अप्रतिम आहेत. घरचं माणूस असलं तरी डिजिटल आणि छापील दोन्ही वापराची परवानगी तिच्याकडून लिहून घे, आणि श्रेयात तिचं नाव तुझ्याइतक्याच मोठ्या अक्षरात दे. ड्राइव्हथ्रूवर एआयने बनवलेली चित्रं असतील तर तसं जाहीर करावं लागतं. तुला तो रकाना मोकळा ठेवता येईल, आणि वर्णनात हाताने काढलेली चित्रं असा स्पष्ट उल्लेख कर, लोक ते शोधतात.

नव्या प्रकाशकाचं पहिलं पुस्तक ड्राइव्हथ्रू तपासून मगच विक्रीला लावतं. म्हणून तारीख जाहीर करायची घाई नको. आधी तिथे मंजुरी मिळू दे, मग त्याच दिवशी इचचं पान उघड. प्रकाशक म्हणून कुठलं नाव लावणार आहेस ते कळव, दोन्हीकडे एकच असायला हवं. बिहोल्डर काढून नवी पीडीएफ पाठवलीस की आमच्या रविवारच्या टेबलावर ती मीच चालवतो, आणि खेळाडू कुठे अडकले ते सविस्तर लिहून पाठवतो.

काकूंना नमस्कार, ताईला शाबासकी.

तुझा मित्र