गाडीतून लॅपटॉप चोरीला गेला तर

महोदय,

सुट्ट्यांत वेरूळ, दौलताबादच्या वाहनतळांवर गाड्यांची रीघ लागते. पाण्याची बाटली, लेकराची टोपी घ्यायला कुणीतरी पुन्हा दार उघडतं आणि गाडी तशीच उघडी राहते. एक दार नीट लागलं नसलं तरी बऱ्याच गाड्यांचं सेंट्रल लॉक बसत नाही, म्हणून रिमोट दाबल्यावर हँडल ओढून पाहाच. डिकीत लॅपटॉप ठेवायचा तर घरूनच ठेवून निघा. वाहनतळावर सगळ्यांदेखत ठेवला की चोराला जागा कळते.

चोरी झालीच तर ११२ वर कळवा. ऑनलाइन ‘हरवल्याची’ नोंद इथे उपयोगाची नाही, चोरीचा गुन्हाच नोंदवायला हवा. हद्द वेगळी असली तरी कोणत्याही ठाण्यात शून्य एफआयआर नोंदवता येतो आणि त्याची प्रत मोफत मिळते. त्यात सिरियल नंबर हवा. तो लॅपटॉपच्या खालच्या बाजूला, खोक्यावर आणि बहुधा बिलावर असतो. आजच त्याचा फोटो काढून ठेवा. मोबाइलसारखा आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) साध्या लॅपटॉपला नसतो, त्यामुळे चोरीचे फोन बंद करणाऱ्या सीईआयआर या सरकारी पोर्टलवरून तो बंद करता येत नाही.

ठाण्यात जाण्याआधीच फोनवरून ईमेलचा पासवर्ड बदला आणि सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करा. लॅपटॉप ऑफिसचा असेल तर तिथेही कळवा. हरवलेलं उपकरण शोधायचं ‘फाइंड माय डिव्हाइस’ आधीपासून चालू असेल तरच कामी येतं. गाडीच्या विम्यात लॅपटॉप साधारणपणे धरलेला नसतो. वेगळा विमा असला तरी गाडी उघडी होती म्हणून दावा फेटाळला जाऊ शकतो.

– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर