जुनी एसटी १ जूनला धावू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या मोटारींच्या रॅली ही श्रीमंतांची हौस, त्याचं सामान्य माणसाला काय, असं एका वाचकाचं पत्र मध्यंतरी आपल्या दैनिकात आलं होतं. मीही बरीच वर्षं तेच म्हणत होतो. एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत मी एकतीस वर्षं मेकॅनिक होतो. गाडी म्हणजे लोकांना गावी पोचवणारी वस्तू, ती मिरवायची कशाला, असं वाटायचं. सध्या मुलीकडे इंग्लंडात वोकिंगला आलोय. १ जानेवारीला जावयांनी जवळच वेब्रिजला ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर नेलं. तिथे वर्षाच्या पहिल्या दिवशी जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. तिथून आल्यापासून हे पत्र डोक्यात आहे.

या ट्रॅकची जन्मकथा श्रीमंतीचीच आहे, ते आधीच कबूल करतो. इंग्लंडात तेव्हा रस्त्यावर ताशी २० मैलांच्या वर गाडी नेता येत नव्हती. म्हणून ह्यू लॉक किंग नावाच्या जमीनदाराने स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या पैशाने १९०७ साली हा ट्रॅक बांधला. मोटार शर्यतींसाठीच बांधलेला जगातला पहिला ट्रॅक म्हणून तो ओळखला जातो. पावणेतीन मैलांचा काँक्रीटचा वेढा, १०० फूट रुंद, आणि वळणांवर कडा जवळजवळ ३० फूट वर उचललेली. सुरुवातीच्या शर्यतींत गाड्यांवर नंबर नव्हते. घोड्यांच्या जॉकीसारखे रंगीत डगले घालून ड्रायव्हर बसायचे. १९३९ च्या ऑगस्टनंतर इथे शर्यत झाली नाही. युद्ध आलं, विमानांचे कारखाने वाढले, त्यासाठी ट्रॅक ठिकठिकाणी तोडला. उरलेल्या तुकड्यावर आता संग्रहालय आहे. त्या वळणावर मी चढून पाहिलं. काँक्रीटला भेगा, त्यात शेवाळ. वरच्या बाजूला तर हात टेकल्याशिवाय उभं राहता येईना. जॉन कॉब या शर्यतवीराने १९३५ मध्ये इथेच ताशी १४३.४४ मैलांच्या वेगाने फेरी मारली, तो विक्रम कायमचाच राहिला. त्याची नेपियर-रेल्टन गाडी संग्रहालयात आहे. विमानाचं २४ लिटरचं इंजिन, बारा सिलिंडर, आणि ब्रेक फक्त मागच्या चाकांना! मी खाली वाकून दोनदा बघितलं.

पण माझं मन गुंतलं ते बाहेर, गाड्यांच्या गर्दीत. मिस्त्रीकाम येणाऱ्या माणसाला तिथे भाषा लागत नाही. एक म्हातारेबुवा आपली चिमुकली ऑस्टिन सेव्हन सुरू करत होते. थंडीने इंजिन धरत नव्हतं आणि त्यांचा खांदा दुखत होता. मी इंजिनाकडे टक लावून पाहतोय हे बघून त्यांनी इंजिन हाताने फिरवून सुरू करायचं हँडल माझ्यापुढे केलं. मी ते धरलं, त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि आपला अंगठा बोटांच्या बाजूला घेऊन दाखवला. माझा अंगठा आधीच तिथे होता. हँडलभोवती अंगठा वळवायचा नाही; इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो. दापोडीत आमच्या उस्तादांनी एका जुन्या जीपवर मला हे पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं, चापट मारून. दुसऱ्या फेरीला गाडीने पकडलं. मग ती टेस्ट हिलवर गेली. ही चढणही जुनीच, १९०९ ची, गाड्यांची ताकद पाहायला बांधलेली. लांबी ३५२ फूट आणि शेवटी चार फुटांना एक फूट चढ. सेव्हन पहिल्या गिअरमध्ये रडत रडत वर पोचली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच आवारात लंडनच्या जुन्या बसचं संग्रहालय आहे. तिथे एका दुमजली बसवर ‘एसटी ९२२’ अशी अक्षरं पाहून माझे पाय थबकले. नातीने विचारलं, “आबा, ही तुमची गाडी?” आपल्या एसटीशी संबंध काही नाही, ते त्यांच्या बसच्या प्रकाराचं नाव. १९३० ची बस, मागे उघडा जिना. पुढे तिला कर्मचाऱ्यांसाठी फिरतं कँटीन केलं होतं. तिथून तिला पुन्हा रस्त्यावर आणणाऱ्यांना माझा नमस्कार. नंतर लंडनच्याच आरटी प्रकारच्या एका लाल बसमधून आम्ही फेरी मारली. तिच्यात गिअर आधी निवडून ठेवायचा आणि नंतर पेडल दाबलं की तो पडतो. क्लच-गिअरची झटापटच नाही. मी फेरीभर ड्रायव्हरच्या पायाकडे बघायला मिळतं का तेवढंच पाहत होतो.

या गाड्या चालत्या ठेवणारे कोण, ते जावयांना विचारायला लावलं. बरेचसे निवृत्त लोक, बिनपगारी. काही जण तर इथल्याच विमान कारखान्यात काम केलेले. त्यांच्या शेजारी वीस-बावीस वर्षांची पोरं हात काळे करत उभी होती. हे पाहून मला दापोडी आठवली. आमच्यातले पाटे बांधणारे, पत्रा ठोकणारे, आवाजावरून बेअरिंग ओळखणारे किती जण गेले! जे आहेत ते घरी बसून आहेत, आणि त्यांना कुणी काही विचारत नाही.

एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर धावली. बेडफर्डची, लाकडी बॉडीची. ती गाडी आज मिळावी असा माझा हट्ट नाही. सत्तरच्या दशकातली, दापोडीतच बॉडी बांधलेली एखादी लेलँड चालेल. बेस्टने आणिक आगारात संग्रहालय केलं ते चांगलंच. माझी मागणी मात्र चालत्या गाडीची आहे. महामंडळाने एक शेड द्यावी, एक चेसिस द्यावी, आयटीआयची चार मुलं द्यावीत. निवृत्तांनी ती गाडी उभी करावी आणि दर १ जूनला ती पुण्याहून नगरला, तिकीट फाडून, प्रवासी घेऊन जावी. ट्रेमध्ये ओळीने लावलेली तिकिटं आणि कंडक्टरची टकटक नव्या मुलांनाही ऐकू द्या.

मी मार्चमध्ये परत येतोय. माझी पान्यांची पेटी घरी तेल लावून ठेवली आहे. शेड मिळाली, तर रोज सकाळी नऊ वाजता मी हजर राहीन, पगार नको. माझ्यासारखे आणखी पाच-सहा जण मला माहीत आहेत. त्यांच्याशी मी फोनवर बोललोय.

आपला,
एक निवृत्त एसटी मेकॅनिक, पुणे
(सध्या मुक्काम वोकिंग, इंग्लंड)