पावसाळ्यात लंका दाखवणाऱ्या आमच्या शेजारच्या काकांना

काका, तुम्हाला आणि काकूंना नमस्कार.

समोर येऊन थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणता आणि विषय चहावर नेता, म्हणून हे इथं सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. आणि दुसरं म्हणजे आमच्यासारखी लय माणसं आहेत ज्यांना सुट्टी फक्त पावसाळ्यातच मिळते, तुम्ही आम्हाला काय काय सांगितलंत ते त्यांनाही कळू दे.

आमचा धंदा केटरिंगचा, हे तुम्हाला माहितीच आहे. तुळशीचं लग्न झालं की सुरू होतं ते पार आषाढापर्यंत, साखरपुडा लग्न बारसं वास्तुशांत, श्वास घ्यायला वेळ नसतो. आषाढात तारखा संपतात, आचारी गावाकडं जातात, पातेली गोडाऊनला जातात आणि गणपतीच्या ऑर्डरी यायला लागेपर्यंत आम्ही मोकळे. सासूबाईंच्या मनात कधीपासनं होतं की लंका बघायची, आणि त्रिंकोमालीचं समुद्रावरचं शंकराचं देऊळ बघायचं. पण जुलैत श्रीलंकेला जातोय म्हणलं की जो तो म्हणायचा, अहो तिथं पण पावसाळाच, इथला पाऊस काय कमी पडला का. एका एजंटनं पॅकेज दिलं ते निम्म्या किमतीत, बेंटोटा, हिक्कडुवा, गॉल, सगळे बीच. आमचे हे खूश झाले होते, ॲडव्हान्स भरायचाच बाकी होता.

तेवढ्यात तुम्ही तो कागद बघितलात. मला अजून आठवतंय, तुम्ही आधी काही बोललाच नाही, आमचंच रेटकार्ड उलटं करून त्याच्या मागं पेनानं एक कैरी काढलीत आणि म्हणालात ही श्रीलंका. मग खालच्या बाजूला मध्यभागी डोंगर काढलात आणि मला विचारलंत, "तुझं माहेर कुठलं?" मी म्हणलं म्हसवड. "आणि सासर?" मेढ्याच्या पलीकडं. "मग तुला मी काय शिकवू!"

काका, लग्न होऊन आले तेव्हा सासरी आषाढात कपडे वाळत नाहीत म्हणून मला रडायला यायचं आणि त्याच आठवड्यात आईचा फोन यायचा की टँकर आला नाही. एकाच जिल्ह्यात. महाबळेश्वरला वर्षाला साधारण ५,५०० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि आमच्या म्हसवडकडं, माण तालुक्यात ५०० पण धड होत नाही, मधे अंतर सव्वाशे किलोमीटर. हे सगळं आयुष्य मी जगलेय पण ते दुसऱ्या देशात पण असंच असेल हे कधी डोक्यात आलं नव्हतं. तुम्ही सांगितलंत की मे ते सप्टेंबर वारा नैऋत्येकडनं येतो, ढग डोंगर चढताना त्याच अंगाला रिकामे होतात, पलीकडं उतरते ती कोरडी हवा. म्हणजे कोलंबो, गॉल, रत्नपुरा, हॅटन, नुवारा एलिया हे सगळं आमचं सासर, आणि दांबुला, त्रिंको, बट्टिकलोआ, आणि डोंगराच्या मागचं एल्ला हे माहेर. पॅकेज स्वस्त होतं कारण जुलैत गॉलच्या बाजूचा समुद्र खवळलेला असतो, लाल झेंडे लावलेले असतात, पाण्यात पाय घालता येत नाही. आणि त्याच दिवसात पूर्वेचा समुद्र शांत.

तुम्ही बसून सगळा रूट नव्यानं लिहून दिलात. कोलंबोला उतरलो तेव्हा धो धो पाऊस, सासूबाई माझ्याकडं बघायला लागल्या. सकाळी गाडीनं दांबुल्याकडं निघालो, कुरुनेगलाच्या पुढं वायपर बंद झाले, मग रस्ता कोरडा झाला, मग रस्त्याकडंची माती उडायला लागली, आणि सासूबाईंनी काच खाली करून म्हणलं, अगं ही तर तुझ्या माहेरची हवा. त्या तशा बोलायला मोकळ्या नाहीत. म्हसवडला लग्नात आल्या होत्या तेव्हाची धूळ त्यांच्या लक्षात होती हे मला त्या दिवशी कळलं.

सिगिरियावर, म्हणजे त्या मोठ्या खडकावरच्या किल्ल्यावर, मी जास्त लिहीत नाही, त्याचे फोटो सगळ्यांनी बघितलेत. १,२०० च्या आसपास पायऱ्या आहेत, सकाळी उघडतानाच जा, दुपारी दगड तापतो, बास.

मिनेरियाबद्दल मात्र लिहायचंच आहे. हत्ती बघायला म्हणून गेलो होतो आणि हत्ती दिसले, पिल्लांसकट, पाणी मागं सरकून जो गवताचा हिरवा पट्टा वर येतो त्याच्यावर चरत होते, तुम्ही सांगितलं होतंत तसंच, की हे दृश्य कोरड्या दिवसांमुळंच दिसतं, पाऊस असता तर हत्ती जंगलात पांगले असते. पण मी बघत बसले ते तळ्याकडं. महासेन राजाचं तळं, १,६०० वर्षांहून जुनं, आणि अजून त्याच्या पाण्यावर भात होतो. तुम्ही म्हणाला होतात की ज्या अंगाला पाऊस कमी त्याच अंगाला त्या लोकांनी तळी बांधली, शेकड्यानं, एकाचं पाणी खाली दुसऱ्यात जाईल अशी. माझे वडील राजेवाडी तलावात पाणी किती आलं यावर घरातलं वर्ष कसं जाणार ते सांगायचे. ते आज असते तर त्यांना घेऊन गेले असते काका, खरंच सांगते, देवळाआधी तिथं नेलं असतं.

त्रिंकोला देऊळ कड्यावर आहे, खाली सरळ समुद्र. जुनं मोठं देऊळ सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडलं, आताचं नंतरचं आहे. सासूबाई दर्शन झाल्यावर भिंतीपाशी कितीतरी वेळ उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी जवळच्या निलावेली बीचच्या पाण्यात त्या गुडघ्यापर्यंत उतरल्या, लाट नाही की काही नाही. तिथल्या एका दुकानदाराला तुमच्याबद्दल सांगितलं, की आमच्या शेजारचे काका इर्कॉनमध्ये, म्हणजे रेल्वे बांधणाऱ्या आपल्या सरकारी कंपनीत होते आणि उत्तरेकडच्या रेल्वेच्या कामावर होते. युद्धात रूळ उखडले होते, सुरुंग काढून मग नवा रूळ टाकला आणि २०१४ ला यालदेवी ही गाडी परत जाफन्याला पोचली, हे त्यानंच आम्हाला उलट सांगितलं. त्याचं आजोळ जाफन्याचं. मग त्यानं पैसेच घेतले नाहीत नारळपाण्याचे, मी किती म्हणलं तरी.

खाण्याबद्दल तुम्ही जे बजावलं होतंत ते शाकाहारी माणसांनी नीट वाचा, कारण मी धंद्यात असून मला माहिती नव्हतं. तिकडं साध्या भाजीत आणि खोबऱ्याच्या चटणीत, सांबोलमध्ये पण सुक्या माशाचा चुरा घालतात, सिंहलीत उंबलकड म्हणतात तेच, मालदीव फिश. व्हेज म्हणून सांगितलं तरी घालतात कारण त्यांच्या हिशोबी ती फोडणीच आहे. तुम्ही सांगितलंत तसं "मालदीव फिश नको" असं नाव घेऊन सांगायचो, आणि त्रिंकोला तमिळ लोकांची शुद्ध शाकाहारी हॉटेलं मिळाली तिथं सासूबाई पोटभर जेवल्या. फणसाची भाजी मी दोनदा मागून घेतली आणि आचाऱ्याला भेटून विचारून पण आले, नारळाचं दूध शेवटी आणि मोहरी वाटून.

काकूंनी जी पिशवी भरून दिली होती ती पण कामाला आली. ओडोमॉस, पूर्ण बाह्यांचे कुर्ते, पॅरासिटामॉल. जून जुलैत तिकडं डेंग्यू जोरात असतो आणि ताप आला तर ॲस्पिरिन, ब्रुफेन असलं काही घ्यायचं नाही, पॅरासिटामॉलच घ्यायची आणि रक्त तपासायचं, हे काकूंनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. खाली ॲम्ब्युलन्सचा नंबर १९९०. ती सेवा आपल्या भारताच्या मदतीनं २०१६ ला सुरू झाली हे वाचून बरं वाटलं. नंबर लावायची वेळ आली नाही, पण पर्समध्ये ती चिठ्ठी होती म्हणून मी झोपू शकले.

आता कँडीचं. ज्यासाठी खरं तर हे पत्र.

कँडीला पोचलो त्या रात्री डोंगरात एवढा पाऊस झाला की सकाळी स्टेशनवर सांगितलं, वर रुळावर माती आलीय, गाडी पुढं जाणार नाही, कधी जाईल सांगता येत नाही. आमची एल्लाची रूम बुक, पैसे भरलेले. एक गाडीवाला म्हणाला रात्री निघू, घाटानं नेतो, काही होत नाही. आमचे हे तयार झाले होते. मी तुम्हाला व्हॉट्सॲपवर कॉल केला तेव्हा सातारला पण पाऊस होता, मागं पत्र्याचा आवाज येत होता. तुम्ही एवढंच म्हणालात, "थांबा तिथंच. पाटणला २०२१ च्या जुलैत काय झालं आठवतंय ना."

आठवतंय काका. आंबेघर, मिरगाव, ढोकावळे, दरडी कोसळल्या ती गावं. मिरगावची एक बाई आमच्याकडं पोळ्यांना यायची. मग मी यांना काही बोललेच नाही, फोन यांच्या कानाला लावला. तुम्ही त्यांना समजावून सांगितलंत, की सलग पावसानं माती पाणी पिऊन जड झालेली असते, त्यात रस्त्यासाठी आणि मळ्यांसाठी उतार तोडलेले, पाऊस थांबल्यावर पण डोंगर सरकू शकतो, आणि रेल्वेनं गाडी बंद केलीय म्हणजे तिथली माणसं आपलं काम नीट करतायत, त्यांच्यावर विश्वास ठेवा. अंधारात घाट नाही म्हणजे नाही. रूमचे पैसे गेले तर जाऊ देत.

आणि तुम्ही तेवढ्यावर थांबला नाहीत. तुमच्याबरोबर काम केलेल्या तिथल्या एका रिटायर्ड माणसाला तुम्ही फोन लावलात. ते रोज सकाळी आमच्या लॉजवर फोन करायचे, त्यांचं आणि माझं इंग्लिश सारखंच, पण समजायचं, टुडे नो, टुडे वेट. त्यांचा चेहरा मी बघितलेला नाही. त्यांना सातारचे कंदी पेढे पाठवायचेत, तुम्ही पत्ता द्या, टिकतील असे भाजलेले करून घेते.

थांबलो त्या वेळात बुद्धाच्या दाताचं दंतमंदिर बघितलं, तळ्याला चकरा मारल्या, रस्त्यावर रांबुतानचे ढीग लागले होते, त्यांचा हंगामच तो, जून ते ऑगस्ट, आणि मँगोस्टीन पण. पावसाळ्यात गेलो म्हणून ही फळं मिळाली, थंडीत जाणाऱ्यांना अशी ढिगानं नाही मिळत.

मग एक दिवस फोन आला, टुडे यस.

हॅटनपर्यंत काही दिसलंच नाही, खिडकीबाहेर नुसतं धुकं आणि पाण्याचे ओघळ. नानू ओयाला पाऊस. पट्टीपोला आलं, १,८९१ मीटर, सगळ्यात उंच स्टेशन, तिथं तर थंडीनं दात वाजत होते. तुम्ही सांगितलं होतंत की याच्या पुढचा बोगदा आला की सगळ्यांना उठव. मी सासूबाईंना उठवलं. बोगद्यात गाडी शिरली तेव्हा काचेवर पाणी होतं. आणि पलीकडं बाहेर आलो तर ऊन! खरंखुरं ऊन, मोकळं आभाळ, दरी खालपर्यंत दिसतेय, आणि जोराचा कोरडा वारा. डब्यातले लोक ओरडले. सासूबाई काही बोलल्या नाहीत, त्यांनी माझा हात धरला आणि एल्लापर्यंत सोडला नाही. तुमच्या रेटकार्डामागची ती पेनाची रेघ आम्ही त्या क्षणी ओलांडली काका. एवढ्या वर्षांत माझ्या माहेरावरनं आणि कोरड्या रानावरनं मी घरात पुष्कळ ऐकलंय, आणि त्या दिवशी सगळे त्या कोरड्या बाजूला आलो म्हणून आनंदानं ओरडत होते. हे मला तुमच्यामुळं मिळालं, याचे आभार कसे मानायचे मला कळत नाही.

चहा पण आणलाय तुमच्यासाठी, उवाचा, म्हणजे एल्लाकडच्या त्या भागातला. या वाऱ्यामुळंच जुलै ते सप्टेंबरच्या पानाला तो वेगळा वास येतो म्हणे, मळ्यातल्या माणसानं सांगितलं. बिनदुधाचा प्या, काकूंना पटणार नाही तरी.

आणि एक काम आहे. माझी धाकटी बहीण डिसेंबरात जायचं म्हणतेय, मी तिला आमचाच रूट द्यायला निघाले होते, मग आठवलं की तुम्ही म्हणाला होतात डिसेंबर ते फेब्रुवारी वारा ईशान्येकडनं येतो आणि सगळं उलटं होतं, त्रिंकोला पाऊस आणि गॉलचा समुद्र शांत. तर तिला तुम्हीच लिहून द्या. रविवारी तिला घेऊन येते, काकूंना सांगा स्वयंपाक करू नका, डबा मी आणणार आहे, फणसाच्या भाजीचा.

तुमची,
शेजारची केटरिंगवाली सूनबाई, शाहूपुरी, सातारा